एकट्याने समेट करायचा नाही

इतिहासाच्या पुस्तकातलं एक वाक्य वाचलं की आजही माझं टाळकं सटकतं. ‘युरोपात युद्धाचा भडका उडाला.’ अरे, भडका काय आपोआप उडतो? घरातली चूलसुद्धा आपोआप पेटत नाही. कुणीतरी सरपण रचावं लागतं, कुणीतरी काडी ओढावी लागते. पुस्तकात मात्र सगळं झालं, उडालं, पेटलं. केलं कुणी, ते नाही.

मी नववीत असताना मास्तरांनी फळ्यावर देशांची नावं लिहिली आणि खडूच्या रेघांनी एकमेकांना जोडली. याची त्याच्याशी दोस्ती, त्याची ह्याच्याशी खुन्नस. हा आरमार वाढवतो म्हणून तोही वाढवतो. मग एका युवराजाला गोळी लागली, आणि ज्यांनी तो युवराज कधी पाहिला नव्हता ते देशसुद्धा एकामागून एक लढाईत उतरले. पोरं पेंगत होती. मला ते सगळं पटापट कळत गेलं, कारण आमच्याकडे हेच होऊन गेलं होतं, आणि त्यात माझी बहीण गेली होती.

आमचं गाव तापीकाठचं, शहादा तालुक्यातलं. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, सगळा पश्चिम खानदेश, कचेरी धुळ्याला. आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावात वजनाचा माणूस. माझ्यापेक्षा बरीच मोठी असलेली अक्का त्यांनी नाल्यापलीकडच्या गावात दिली. मुद्दाम जवळ दिली, “पोर नजरसामने राही” म्हणून. नाला उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. अक्का सासरच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, वाळवण घालायला चढली की तिचं लुगडं आमच्या ओट्यावरून दिसायचं. माय तेवढ्यावर खूश असायची.

चैत्रात आमच्याकडे खंडेरावाची जत्रा भरायची आणि बारागाड्या ओढल्या जायच्या. म्हणजे बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून भरायची, आणि देव अंगात आलेला भगत त्या सगळ्या पुढून ओढणार. गाड्या आजूबाजूच्या गावांमधून यायच्या. पहिली गाडी कुणाची, ह्यात सगळा मान. तो मान आमच्या घराचा होता. कुणी दिला, कधी दिला, विचारलं तर सांगता येणार नाही, पण होता.

त्या वर्षी आबांनी नवापूरचं सागवान आणून नवी गाडी करवून घेतली. हे कळलं मात्र, अक्काच्या सासऱ्यांनी रबरी चाकांची गाडी आणली. पंचक्रोशीत तशी गाडी कुणाकडे नव्हती. दोघे याही, म्हणजे व्याही, एकमेकांना भेटले की टोमणे सुरू.

“याही, तुमनी गाडी चालस का उडस?” आबा विचारायचे.

“तुमनी गाडी येवाना आदुगर तिना आवाज येस,” ते म्हणायचे.

सगळे हसायचे. अक्काही हसायची. तिला दिवस गेले होते, आणि आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा अक्का यायची ती बाळंत होऊनच परत जायची, असं दोन्ही घरांनी ठरवून टाकलं होतं. मायने जुन्या लुगड्यांच्या गोधड्याही शिवायला घेतल्या होत्या.

पण आमच्या हसण्यात तेव्हाच कुसळ होतं. पलीकडचे म्हणायला लागले, पहिली गाडी रबरी चाकांची लावा, भगताला ओढायला हलकी जाईल. आमचे म्हणाले, मान काय चाकाला असतो? आबांनी नदीच्या खालच्या अंगाच्या दोन गावांच्या पाटलांना जेवायला बोलावलं. व्याह्यांनी डोंगराकडच्या दोन गावांना. कुणी काही उघड बोललं नाही. नुसती जेवणं झाली, पण प्रत्येक जेवणात सरपणाचं एकेक लाकूड रचलं गेलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी बघतात तो रबरी चाक बसलेलं. हवा गेलेली. आता ती कशी गेली, हे आजपर्यंत कुणाला माहीत नाही. पोती शिवायचा दाभण कुणी खुपसला असेल. नाहीतर बाभळीचा काटा असेल, आमचा सगळा रस्ताच बाभळीचा. पण काटा कोण मानतो? काट्याला शिव्या देऊन माणसाचं समाधान होत नाही. पलीकडच्या एकाने आमच्या एकाची गचांडी धरली, आमच्या दुसऱ्याने त्याच्या डोक्यात शिवळ घातली, जुवाची खुंटी हो, आणि रक्त आलं.

मग मदतीला हाका गेल्या. दुपारपर्यंत खालच्या अंगाची दोन्ही गावं आमच्याकडून आणि डोंगराकडची दोन्ही गावं त्यांच्याकडून लाठ्या घेऊन हजर. हवेचं चाक कसं असतं हे ज्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, ते त्या चाकापायी एकमेकांची डोकी फोडत होते. विचारलं तर म्हणायचे, शब्द दिलाय. कुणाला दिला, कशासाठी दिला, देणाऱ्याला भान नव्हतं. मला त्या माणसांची कीव येत नाही. राग येतो.

खरं पाप झालं ते दुसऱ्या दिवशी. आमच्या बाजूच्या तिन्ही गावांचे कर्ते पुरुष खंडेरावाच्या देवळात बसले आणि त्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली. नाल्यापलीकडे देणंघेणं बंद, येणंजाणं बंद. आणि समेट करायचा झाला तर तिन्ही गावांनी मिळून करायचा, एकट्याने करायचा नाही. एकट्याने केला तर उरलेली दोन गावं त्याला वाळीत टाकणार. पलीकडच्यांनीही त्यांच्या देवळात तस्संच केलं. शत्रू म्हणवून घेत होते, पण अक्कल दोघांची एकाच दुकानातली.

आबा घरी आले तेव्हा कपाळभर भंडारा होता आणि चेहऱ्यावर असा रुबाब की मुलूख जिंकून आले. मायने पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, “आखाजीले पोर यी ना?”

“देखसूत,” आबा म्हणाले.

“मन्ही पोर तुमना त्या भंडारामा कोठे बठस, ते माले सांगा.”

आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेले. इतकी साधी गोष्ट देवळात बसलेल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. दोन्ही गावांत अर्ध्या सुना समोरच्या गावच्या. भांडणाच्या वेळी ते कुणाला आठवत नाही.

आखाजी आली. लिंबाला झोके बांधले, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि अक्का आली नाही. नाल्याच्या दोन्ही काठांवर तरण्या पोरांची राखण बसलेली. माय सांजोऱ्या पदराखाली घेऊन नाल्यापर्यंत गेली, तर आमच्याच चुलतभावाने तिला परत फिरवलं. “काकू, नाक जाई गावनं,” म्हणाला. त्या दिवशी अक्का धाब्यावर बराच वेळ उभी होती. वाळवण वगैरे काही नव्हतं. नुसती उभी होती, आमच्याकडे तोंड करून. आम्ही दोघी ओट्यावर उभ्या. मायने हात वर केला, तिनेही केला, आणि मग तिला कुणीतरी खाली बोलावलं असावं.

जेठात ती अडली. ऐन दुपारी दाजी, म्हणजे अक्काचे मालक, बैलगाडी घेऊन एकटेच नाला ओलांडून आले. त्यांच्या लोकांनी त्यांना अडवलं होतं, तरी आले. त्यांच्या गावच्या सुईणीने सकाळीच हात टेकले होते. आमच्या गावची सुईण पाच गावांत नावाजलेली, आडवं मूल फिरवून घेणारी. दाजींनी आमच्या ओट्यासमोर गाडी थांबवली, डोक्यावरचा रुमाल काढून आबांच्या पायांशी ठेवला आणि म्हणाले, “बाई अडी गयी. सुईणले धाडा.”

आबा उठले. हे मी डोळ्यांनी पाहिलं, ते उठले होते. पायात जोडे घातले. आणि मग आजूबाजूला पाहिलं. भोवती सगळी भाऊबंदकी उभी. एकजण हळूच म्हणाला, “आबा, भंडारा उचलेल शे.” झालं. आबा परत खाली बसले.

“मी एकला काय सांगू?” ते म्हणाले. “दोन्ही गावले इचारनं पडी.”

दोन माणसं दोन सायकलींवर दोन्ही गावांना पिटाळली. विचारायला. स्वतःच्या पोरीचा जीव वाचवू का, हे विचारायला. मी तेव्हा लहान होते, पण मला त्या क्षणी बापाचा जो संताप आला तो अजून तसाच आहे, सुंभ जळाला तरी पीळ राहतो तसा. एका गावाने लगेच हो म्हटलं म्हणून निरोप आला. दुसऱ्या गावचा पाटील शहाद्याच्या बाजाराला गेलेला, आणि तो आल्याशिवाय तिथे हो म्हणायला कुणी धजेना. इकडे गाडी जुंपलेली, सुईण गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसलेली, दाजी बैलांसमोर उभे, आणि आमचे शूर वीर कासरा धरून वाट बघताहेत.

माय घरातून आली. तिने कुणालाच काही विचारलं नाही. सुईणीचा हात धरून तिला गाडीतून उतरवलं आणि दोघी चालायला लागल्या, भर उन्हात, नाल्याच्या तापलेल्या वाळूतून. मी मागे धावले. दाजीही गाडी तशीच सोडून निघाले. आमच्या राखणदारांनी आम्हाला अडवलं नाही आणि पलीकडच्यांनीही नाही. दोन बायका समोरून येताहेत म्हटल्यावर लाठीचं काय करायचं ते त्यांना सुचेना. इतकंच सोपं होतं ते. त्या नाल्यात अडवायला कुणी नव्हतंच, होती ती फक्त एकमेकांची भीती.

आम्ही पोहोचलो तेव्हा अक्का गेली होती. मूलही गेलं होतं. सुईणीने अंगावरून हात फिरवून पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. अक्काच्या सासूने मायच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. सासरे ओट्यावर बसले होते, आणि अंगणात ती रबरी चाकांची गाडी उभी होती, एक चाक अजून बसलेलंच.

दिवस मावळताना दुसऱ्या गावाचा निरोप आला. पाटील बाजारातून परत आले होते. त्यांनी हो म्हटलं होतं.

पुढे समेट झाला. का झाला, तर पक्का रस्ता यायचा होता आणि त्याला सगळ्या गावांच्या सह्या लागत होत्या. गावजेवण झालं, गळाभेटी झाल्या, आणि बारागाड्यांचा क्रम दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवायचा असं ठरलं. चिठ्ठ्या! हे आधी सुचू नये? त्या पंगतीत माय बसली नाही, मीही नाही. आबा बसले, आणि व्याह्यांच्या ताटात त्यांनी आपल्या हाताने लाडू वाढला, असं मी ऐकलं.

तर नववीच्या त्या वर्गात मास्तर म्हणाले, त्या दोस्त राष्ट्रांनी करार केला होता की कुणीही एकट्याने तह करायचा नाही. मी उभी राहिले. विचारलं, “मग ज्याला थांबायचं होतं, त्याने काय करायचं?” मास्तरांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, “हे परीक्षेला येत नाही. कारणं पाठ कर.” मी पाठ केली. पाचपैकी पाच मिळाले.

पासष्टच्या लढाईच्या वेळी मी शिक्षिका झाले होते आणि सुट्टीला गावी आले होते. ग्रामपंचायतीसमोर रेडिओ लावलेला, त्याभोवती गावातले सगळे मोठे लोक. आपले जवान सीमेवर मरत होते, त्याचं दुःख मलाही होतं, त्याबद्दल मला कुणी शिकवू नये. पण ह्या लोकांची चर्चा वेगळीच होती. “त्यासनाकडे अमेरिकाना रणगाडा शेतस.” “चीन उतरना तं रशिया उतरी.” कोण कुणाच्या मदतीला येणार, मग त्याच्या मदतीला कोण, हे बोटांवर मोजताना डोळे नुसते चमकत होते. सगळं जग यात ओढलं जाईल, ह्याची त्यांना भीती नव्हती. मजा वाटत होती.

आबा खुर्चीवर बसले होते. म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. “उतरू द्या,” म्हणाले. “आपलाबी दोस्त शेतस.”

माझ्याने राहवेना. मी सगळ्यांसमोर विचारलं, “आबा, अक्का कोणना बाजूले व्हती?”

 एक तरणा पोरगा शेजारच्याला विचारत होता, अक्का कोण म्हणून.  मला वाटलं, आबा बोलणार नाहीत, आजवर कधी बोलले नव्हते.

“तिना बाजूले तुन्ही माय व्हती,” ते म्हणाले. “एकलीच.”

मग काठी घेऊन उठले आणि घराकडे चालायला लागले. एकाने रेडिओचा आवाज वाढवला, आणि बाकीचे चीनचं काय झालं ते ऐकायला पुढे सरकले.