सोळा पायऱ्यांची वाटणी

दुपारचे अडीच वाजलेत. नोंदणी कचेरीत जायला चार वाजता रिक्षा येणार आहे. मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले आहे. उशाशी हक्कसोडपत्राचा कागद आहे आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आहे. झोपायचं नाही, नुसतं पडायचं, असं मी ठरवलं आहे.

तात्यांचं तेरावं होऊन नऊ दिवस झाले. तात्या म्हणजे आमचे वडील, बार्शीचे लिंबाजी मिस्त्री. पंचेचाळीस वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलंय हे आम्हा तिघा भावंडांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. वकिलांनी ते वाचून दाखवलं. घराचा खालचा मजला संदीपानला, वरचा रेवणला. त्यानंतर तिसरं कलम आलं: "तळमजल्याच्या फरशीपासून वरच्या उंबऱ्यापर्यंतचा जिना, पायऱ्या सोळा, कठड्यासह, माझी मुलगी पद्मिनी हिला."

संदीपान मोठ्यानं हसला. "आक्का, सोळा पायऱ्या! लातूरला घेऊन जाणार, का इथंच भाड्यानं देणार?"

वकीलही हसले. मीही हसले. मी लातूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, पुस्तकांतली मृत्युपत्रं पुष्कळ वाचली आहेत. त्यांत दागिने असतात, वाडे असतात, कधी एखादं गुपित असतं. जिना कुणी कुणाला दिलेला माझ्या वाचनात नाही.

माझे दोघे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी धड बोललेले नाहीत. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं आहे, ती म्हणजे जिना पाडायचा. संदीपानची पुढची खोली मोठी होईल. रेवण मागच्या बाजूनं लोखंडी जिना बसवून घेईल. मग कुणी कुणाच्या दारावरून जायला नको. फक्त माझी सही हवी. "तुला काय करायचाय जिना?" असं दोघांनी वेगवेगळ्या वेळी, पण त्याच शब्दांत विचारलं. मी हो म्हणाले.

पंख्याचं एक पातं दर फेऱ्याला टक् करतं. टक्. टक्. डोळे जड होतात. लाईट जाते, पंखा थांबतो, आणि टक् टक् चालूच राहते.

आवाज जिन्यातून येतो आहे.

मी दाराशी जाते. खाली सातव्या पायरीवर तात्या बसले आहेत. थापीच्या दांड्यानं एकेक पायरी वाजवून बघत आहेत, आत पोकळ आहे का ते. अंगात बाह्यांची बंडी, डोक्याला टॉवेल. केस पांढरे दिसतात, पण ते वयानं नाही, सिमेंटनं. मी शाळेत असतानाचे तात्या आहेत हे.

"पानी कुणी मारलं न्हाई व्हय गं?" मान वर न करता ते विचारतात.

"तात्या, जिना बांधून अडतीस वर्षं झाली. आता कशाला पाणी मारायचं?"

"मग एवढा कोरडा का पडलाय?"

मी दोन पायऱ्या उतरते. मला सगळं माहीत आहे, तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. "तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. म्हनून काय काम अर्धं टाकून जायचं?" ते पुढच्या पायरीवर थापी वाजवतात. "बस. उभं राहून बापाशी बोलू नको."

मी बसते. पायरी गार आहे, नुकतीच धुतल्यासारखी.

"आई कुठं आहे?"

"हाय तिथंच. म्हनली, तुमी जावा, मला जिना चढवत न्हाई. जित्तेपणीबी हेच, मेल्यावरबी हेच." ते हसतात. मग एकदम गंभीर होतात. "चार वाजता जानार म्हनं तुमी."

मी मान हलवते.

"चल मग. तोवर जरा फिरून येऊ."

आम्ही उतरायला लागतो. मी मनात मोजते. चौदा, पंधरा, सोळा. सोळावीनंतर सतरावी येते. कठडा लाकडाचा होता तो दगडाचा होतो, भिंतीचा रंग पिवळा होतो, आणि घंटा वाजते. ही कन्याशाळा आहे. वरून मुलींचा लोंढा येतो, रिबिनी, दप्तरं, कुणाच्या तोंडात चिंच. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे राहतो. त्या आमच्यातून गेल्यासारख्या जातात. एकीनं मैत्रिणीची वेणी ओढली आहे, दुसरी मागे वळून ओरडते आहे, तिसरी वहीत बघत उतरते आहे.

"बघ," तात्या कानाशी म्हणतात. "एकीची तरी नजर पायाकडं हाय का?"

नाही. एकीचीही नाही.

"पायरी उतरताना मानसानं खाली बघितलं, म्हंजे गवंडी नापास." त्यांची छाती फुगते, ते मला बंडीतूनही दिसतं. "भिंत काय, कुनीबी उभी करतंय. जिना पायजे यायला."

घरी ते असं कधी बोलले नाहीत. शंभरेक जिने बांधले असतील, पण जेवताना विषय निघायचा तो भाजीत मीठ कमी असल्याचा. मला वाटतं, मी आता त्यांचा हात धरावा. पण मुलींची गर्दी ओसरते आणि जिना अरुंद होतो, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या दिसायला लागतात. ही कुठल्यातरी कचेरीची इमारत आहे. पायऱ्या लहानमोठ्या आहेत. तात्या प्रत्येक पायरीला थांबून नाक मुरडतात.

"कुठल्या येड्यानं बांधलाय! तीन मजले चढून आलो हितं, मृत्युपत्र नोंदवायला. गुडघ्याचं पार पानी झालं."

"आम्हाला का नाही सांगितलं? मी आले असते."

"तू आली असतीस तर म्हनली असतीस, मला काय नको तात्या."

ते खरं आहे.

टेबलामागे एक तरुण कारकून आहे. तो तात्यांचा अंगठा यंत्रावर ठेवतो, पुसतो, पुन्हा ठेवतो. "आजोबा, तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत. मशीन घेत नाही."

"कशा असतील? सगळ्या गावाच्या भिंतींत गेल्या त्या," तात्या म्हणतात, आणि अंगठा त्याच्यापुढे असा धरतात की जणू पदक दाखवत आहेत. "दुसरं बोट घ्या. करंगळी आमची कामाला कमी हुती."

कारकून हसतो. करंगळीही उमटत नाही. शेवटी तो कागदावर सही घेतो. तात्या सावकाश, एकेक अक्षर रचत सही करतात. लिंबाजी. मग थोडी जागा सोडून आडनाव. मी त्यांच्या खांद्यावरून बघत असते. तिसऱ्या कलमाशी येऊन त्यांचं बोट थांबतं.

"विचार की," ते म्हणतात. "विचारायचंय ना तुला?"

"मला जिना का दिलात?" इतके दिवस गिळलेलं एकदम बाहेर येतं. "लोक हसले तात्या. जिन्यात कुणाला राहता येतं का?"

"राहायला तुला तुझं घर हाय, आनि ते तू तुझ्या पगारात बांधलंस. मी काय तुला खोली देऊ?" ते थापी टेबलावर ठेवतात. कारकुनाचं टेबल आता आमच्या स्वयंपाकघरातला ओटा झालं आहे. "हे बघ. जिना संदीपानला दिला, तर रेवण त्याच्या मेहरबानीवर चढनार. रेवणला दिला, तर संदीपान खालून दार लावून घेनार. दोघांची नावं घातली, तर दोघं मिळून पाडनार."

"आताही पाडतच आहेत."

"तू सही केलीस तर."

मला राग येतो. मेलेल्या माणसावर राग येतो याचं मला स्वप्नातही नवल वाटतं. "म्हणजे भांडण मिटवायला मला मधे घातलंत. मुलगी आहे, सोसेल."

"सोसायला?" तात्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघतात. "नववी पायरी इसरलीस व्हय?"

आणि मला आठवतं. मी अकरा वर्षांची. जिना वाळला होता, फळ्या काढल्या होत्या. नवा जिना तयार झाला की तात्या घरातल्या कुणालातरी डोळे मिटून चढायला लावायचे. पाय खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आधी संदीपान चढला. धावत वर गेला आणि ओरडला, "एकदम झकास!" रेवण आईच्या कडेवर होता. मग मी चढले, डोळे घट्ट मिटून, फ्रॉक मुठीत धरून. वर जाऊन मी म्हणाले, "नववी जरा उंच आहे."

"बिगारी हसले हुते," तात्या म्हणतात. "म्हनले, मिस्त्री, पोरीचं काय ऐकताय? मी पट्टी लावली. पाव इंच. पाव इंच जास्ती हुती. माझ्या डोळ्याला दिसली न्हाई, ती तुझ्या पायाला कळली."

"तुम्ही ती फोडलीत. सगळ्यांदेखत."

"फोडली आनि परत बांधली. त्या दिवशीच ठरवलं हुतं मी. हा जिना कुनाचा, ते." ते ओट्यावरून थापी उचलतात. "वाटनी न्हाई दिली मी तुला. ज्याचं त्याला दिलं."

मला होतं ते रडू म्हणावं, तर रडू नाही. बक्षीस समारंभात नाव पुकारल्यावर जागेवरून उठताना होतं, तसं काहीतरी.

"मग आज का आलात? तुम्हाला खात्री होती तर?"

"खात्री कुठली? इचारायलाच आलो. तुझं हाय, तू पाड न्हाईतर ठेव. पन तुझ्या मनानं. दोघं म्हनतात म्हनून नको."

ओटा राहत नाही. घर अर्धवट आहे, भिंती उघड्या विटांच्या, वर नुसता स्लॅब. मी वरच्या दाराच्या चौकटीत उभी आहे आणि पायाखाली जिना नाही, खोल मोकळी जागा आहे. तात्या तळाशी उभे आहेत. त्यांच्या हातात गेरूत बुडवलेली दोरी आहे. जिना बांधायच्या आधी तो भिंतीवर आखायचा असतो. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधे बोटानं दोरी खेचून सोडायची, की भिंतीवर तांबडी रेघ उठते. त्या रेघेवरून सगळ्या पायऱ्या ठरतात.

लहानपणी खालचं टोक माझ्याकडे असायचं. आज ते वरचं टोक माझ्याकडे फेकतात.

"धरलीस?"

"धरली."

"ढिली नको. ढिली धरलीस तर रेघ पोट काढती."

मागून, खोलीतून, संदीपानचा आवाज येतो, "आक्का, उशीर होतोय." मग रेवणचा, "आक्का, चल की." दोघांचे आवाज लहानपणीसारखे आहेत, बारीक. मी मागे वळत नाही. दोरी ओली आहे, निसटू बघते. मी ती मुठीभोवती एक वेढा घेऊन ओढते. खालून तात्याही ओढतात. त्यांच्या हाताचा जोर इतक्या लांबून मला कळतो. बाप इतका जिवंत मला कितीतरी दिवसांत लागला नव्हता.

"सोडू का?" ते विचारतात.

"सोडा."

दोरी सणकन भिंतीवर आपटते.

मी उठून बसते. लाईट आली आहे, पंखा फिरतो आहे. पावणेचार झाले आहेत. दारात संदीपान उभा आहे, धापा टाकत. इस्त्रीचा शर्ट घातलाय, कपाळाला गंध लावलंय.

"आक्का, किती हाका मारायच्या? रिक्षा आलीय. कागद घेतलास?"

"कागद आहे. सही करणार नाही मी."

"आँ?"

"जिना माझा आहे, संदीपान. तो पाडायचा नाही."

"झोपेत आहेस का? सकाळी तर हो म्हणालीस. आणि आम्ही दोघांनी काय करायचं मग?"

"चढायचं आणि उतरायचं."

"लोक शेण घालतील तोंडात. बहीण पायऱ्यांसाठी अडून बसली म्हणतील."

"म्हणू देत. तात्यांनी दिलाय, मी घेतलाय. रेवणलाही मीच सांगते, तू नको सांगू."

तो रिक्षावाल्याला थांबवायला, नाहीतर परत पाठवायला, खाली जातो. मी चष्मा घ्यायला हात पुढे करते आणि लक्षात येतं की उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे. बोटं आखडली आहेत. मी ती एकेक करून उघडते.

तळहातावर, तर्जनीच्या मुळापासून मनगटापर्यंत, तांबड्या गेरूची एक रेघ आहे. दोरीचा पीळसुद्धा उमटला आहे, मोजता येईल इतका स्वच्छ.