पॅकिंग खात्यातली चाळीस मतं

हां, तर चौऱ्याहत्तर साली युनियनच्या अध्यक्षपदाची उमेदवारी साहेबरावानं सावळारामाच्या हातून हिसकावली, इथवर आलो होतो आपण. सावळारामासाठी राबलेल्या पॅकिंगच्या चाळीस बायांना साहेबरावानं भर गेटसभेत, माइकवरून ‘विकाऊ’ म्हटलं होतं. त्या बायांची म्होरकी सगुणाबाई, तिच्या डोक्यात ते अजून धगधगत होतं. आता निवडणुकीत मालकधार्जिण्या गटाशी गाठ पडली, तसे दोघे पुढारी एकमेकांना हार घालून मोकळे झाले. साहेबरावानं कॅन्टीनात सगुणाबाईपुढं चहा सरकवला आन् हळूच म्हणाला, “वैनी, चुकलो. उद्या बायांना मतदानाला आणा, न्हाईतर मालकाची माणसं बसत्यात उरावर.”

सगुणाबाईनं कप तसाच मागं ढकलला.

“शिवी माइकवरनं देता आन् माफी कानात मागता व्हय? चला गेटवर, धरा तोच माइक. मग चाळीसच्या चाळीस आणते!”