अपेंडिक्सला नऊ माणसं

रखमाक्कांनी मला न विचारता एका अनोळखी म्हाताऱ्याचा पुतण्या करून टाकलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. पुतण्या मी अजून आहे.

त्याचं असं झालं. मेहुण्याचं विट्याला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आपल्याकडं पेशंटला बघायला जायचं म्हणजे वडापची जीप ठरवूनच जातात. एकटं गेलं तर पै-पाहुण्यांत नाव खराब होतं.

आम्ही नऊजण गेलो. सफरचंदं, शहाळी आणि प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा.

मेहुणा मजेत होता. त्याच्या कॉटवर आम्हीच ऐसपैस बसलो होतो, तो कडेला अंग चोरून पडला होता.

तेवढ्यात एक ठेंगणी बाई येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"किती आलाय?"

"नऊ."

"आन् झालंय काय ह्येला?"

"अपेंडिक्स."

"अपेंडिक्सला नऊ? आवं, बघाय आलाय का वरातीला? चौघं हितं बसा. बाकीची माझ्यामागनं या."

आणि आम्ही गेलो! माझी सासू आयुष्यात कुणाच्या मागनं गेलेली नाही. ती पण गेली.

रखमाक्का त्या दवाखान्यात आया होत्या. सकाळची ड्यूटी दुपारी संपायची. मग युनिफॉर्म बदलून, घरची साडी नेसून, भेटायच्या वेळेला त्या परत हजर. याचा पगार नाही, ऑर्डर नाही. ज्या कॉटला जत्रा भरलीय तिथली माणसं उचलायची आणि जिथं कुत्रं फिरकलेलं नाही तिथं नेऊन बसवायची, एवढाच उद्योग.

मला त्यांनी कोपऱ्यातल्या कॉटवर नेमलं.

तिथं माणदेशातले एक धनगर तात्या. मांडीचं हाड मोडलेलं. पोरं, सुना, मेंढरं सगळी चारणीला लांब कर्नाटकात. निरोप पोचला होता, माणसं पोचली नव्हती. तात्या भिंतीकडं तोंड करून पडलेले. अन्नाला शिवत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, पोटात काही गेलं नाही तर ऑपरेशनला घेता येणार नाही.

"तात्या, पुतण्या आलाय बगा," आक्का म्हणाल्या.

तात्यांनी मान वळवली. मला खालून वर बघितलं.

"माझा भाऊ कवाच गेला. त्येला पोर न्हवतं."

"न्हवतं ना? मग आता झालं," असं म्हणून आक्का गेल्या पुढच्या कॉटकडं.

मी चारचौघांत तोंड चालवणारा माणूस. तिथं नुसता पुड्याचा कागद चाळवत बसलो. शेवटी तात्यांनाच माझी दया आली.

"मेंढरं किती हायती?"

"नाहीत."

"रान?"

"आहे थोडं. भाऊ बघतो."

"मग तू काय करतुस?"

"लिहितो."

"व्हय? आन् पोटाला?"

तात्या उठून बसायला बघू लागले. बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःपेक्षा जास्त अडचणीतला माणूस भेटला होता. माझ्या आयुष्याची उलटतपासणी करता करता त्यांनी समोरची भाकरी कधी मोडली, त्यांनाही कळलं नाही.

आक्का लांबून बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "उद्या बी ये रं. तुला बगून त्येला भूक लागती."

माझं इतकं नेमकं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

मी रोज गेलो. मेहुणा घरी जाऊन मटण खायला लागला तरी मी जात होतो. तात्यांचं ऑपरेशन झालं. पोरं आली तेव्हा तात्यांनी माझी ओळख करून दिली, "ह्यो तुमचा चुलतभाऊ. लिवतो. जरा सांभाळून घ्या."

पुढं दवाखान्यानं आक्कांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे कार्यकर्त्यांचा तांडा घेऊन आले. माईकवर आक्कांच्या नावाचा पुकारा झाला. आक्का स्टेजवर नाहीत! आणि बघता बघता तांडापण गायब.

आक्कांनी सगळा तांडा वॉर्डात नेऊन कॉटवार वाटून टाकला होता. कडक इस्त्रीतला एक कार्यकर्ता म्हातारीला भात भरवत होता आणि म्हातारी त्याला ओरडत होती, "घास बारका कर की मुडद्या!"

इतकं थेट जनसंपर्क अभियान आमच्या तालुक्यात पुन्हा झालं नाही.

गेल्या वर्षी आक्का स्वतःच त्या वॉर्डात ॲडमिट झाल्या.

मग काय, जिपांची रांग. प्रत्येकाला आक्कांजवळच थांबायचं होतं. मलापण. मी तर ठरवूनच आलो होतो, आज हलायचं नाही.

त्यांनी डोळे उघडले. आवाज पार खोल गेलेला.

"किती आलाय?"

"आक्का, आज मोजू नका."

"दोगं थांबा. बाकीची पांगा."

"मी थांबतो ना."

"बगाय आलतास न्हवं? बगितलंस. पलीकडं ती ऊसतोडीवाली हाय, तिची टोळी फडात हाय. जा."

आक्कांचा शब्द मोडायची कुणाची टाप होती?

त्या ऊसतोडीवाल्या बाईला मी मोसंबं सोलून देत होतो, तेव्हा आक्का गेल्या. मी जवळ नव्हतो. मोसंबं माझ्या हातातच राहिलं. त्या बाईनं ते काढून घेतलं आणि माझा हात धरून बसली. भेटायला गेलेलो मी, धीर देत होती ती.

तेव्हा कळलं, आक्कांनी त्या दिवशीपण नेमणूक बरोबर केली होती. दोघांचीही.

तात्या ठणठणीत आहेत. कळप परतीला लागला की फोन करतात, "लिवतुस का अजून? बरं. सुटंल हळूहळू."

खाली कमेंटमध्ये हात जोडायला गर्दी करू नका. पुढच्या वेळी आपलं माणूस बघायला जाल तेव्हा दोघं तिथं थांबा. बाकीचे पलीकडच्या कॉटकडं. बिस्किटाचा पुडा सोबत न्या.

आक्का, पांगलोय आम्ही सगळे.

नमस्कार घ्या.