मोजणीच्या दिवशी घरी बसलेली माणसं

सरकारनं एकदा का मोजलं, की ते गेलंच म्हणून समजायचं, असं श्रीपतीचा बाप सांगायचा. त्याचं सहा एकर काळं रान साखळी टाकून मोजलं आणि पुढं ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. इंदापूर तालुक्यातल्या डोहवाडीत, पाणकाठाला, हे शहाणपण घरोघरी पाठ आहे. जनगणनेचा मास्तर आला तरी माणसं एखादं पोरगं, एखादी शेळी कमीच सांगतात. उगं कशाला नजरेत यायचं!

बापाचं रान बुडालं, तर श्रीपतीनं त्याच रानावर होडी घातली. तीस वर्षं झाली. पलीकडं कोंढेगाव, जिल्हा सोलापूर. तिथनं सकाळी सातला माणसं भरायची, वीस-पंचवीस मिनिटांत अलीकडं आणायची, तोवर काठावर पावणेआठची बारामतीची येष्टी येऊन उभी. दवाखान्याचे, कंपनीतले, कॉलेजचे, सगळे त्याच गाडीनं जाणार. रस्त्यानं यायचं म्हटलं तर टेंभुर्णीवरून सत्तर किलोमीटरचा वळसा.

माणूस तसा तिरसट. होडीत कुणी मोबाईलवर गाणी लावली की इंजिन बंद करून गप बसायचा, गाणं थांबेस्तोवर. पण मधोमध एका जागी तो रोज इंजिन हळू करी. नवख्या माणसाला वाटायचं, खाली खडक असेल. खाली त्याच्या बापाची विहीर होती.

गेल्या डिसेंबरात ग्रामसेवकानं निरोप दिला, की पाणकाठच्या गावांच्या येण्याजाण्याचा आराखडा करायचाय आणि त्यासाठी बारामतीहून रेश्मा नावाच्या बाई होडीतली माणसं मोजायला येणार आहेत. ऐकलं आणि श्रीपतीनं आधी परवाना काढून बघितला. परवान्यावर माणसं लिहिलेली तेवीस आणि सकाळच्या खेपेला चढायची चाळीसच्या वर. बाईंनी चाळीस मोजली की परवाना गेलाच, हा त्याचा हिशोब. बायको तुळसा म्हणाली, त्या माणसं मोजायला येतायत, होडी नव्हं. पण ऐकतो कोण! आदल्या दिवशी कोंढेगावात जाऊन त्यानं निम्म्याहून जास्त लोकांना बजावलं, की उद्या कुणी येऊ नका, घरी बसा. लोकही बसले. होडी बंद पडली तर आपलीच पंचाईत, हे त्यांना कळत होतं. कोंढेगावची पायल बारामतीला नर्सिंगला होती, तिचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. तीही बसली.

रेश्मा आली, होडीच्या कडेला बसून तिनं एकेक माणूस टिपलं. सतरा. श्रीपतीनं तिला चहा पाजला, वर पिशवीभर पेरू दिले. घरी येऊन तुळसाला म्हणाला, कशी गुंडाळली बाईला! दोन दिवस तो स्वतःवर फार खूश होता.

दोन महिन्यांनी आराखडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. डोहवाडी काठ, सकाळचे प्रवासी सतरा. एवढ्यांसाठी गाडी आत आणणं परवडत नाही, म्हणून पावणेआठची येष्टी यापुढं हायवेच्या फाट्यावरूनच वळणार. फाटा काठापासून सहा किलोमीटर. हरकती असतील तर इंदापूरला सुनावणी.

श्रीपतीनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल त्याच्याजवळच बसली. वडील म्हणतायत, फाट्यापासनं पायी जायचं असेल तर शिक्षण बास, एवढं तिनं खालच्या आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "आबा, त्या दिवशी तुमी घरी बसवलेल्यात मी बी होते." त्या सकाळी विहिरीवर इंजिन हळू करायचंही श्रीपतीच्या ध्यानात राहिलं नाही.

सुनावणीला तो धुतलेलं धोतर नेसून गेला. नाव पुकारल्यावर उभा राहिला आणि एका दमात सांगून टाकलं, "साहेब, माझ्या होडीत तेवीस बसवायचा हुकूम हाय. मी चाळीस-चाळीस बसवतो. मोजणीच्या दिवशी भ्यालो आन् बाकीची घरी बसवली. बाईंची चूक न्हाय, ती माझी हाय." सभागृहात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. हे लेखी दिलंत तर होडी बंद करावी लागेल, असं त्यांनी त्याला दोनदा सांगितलं. श्रीपतीनं कागद मागितला आणि सही केली.

होडी तपासणी होईपर्यंत बंद. माणसांची मोजणी पुन्हा, महिन्यानं, सोमवारी, डोहवाडीच्या काठावर.

जिना उतरताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. होडी बंद, तर कोंढेगावची माणसं काठावर येणार कशी आणि बाई मोजणार काय, कपाळ? आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. महिनाभर तो भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवून उठायचा. तुळसा त्याला एका शब्दानं टोचून बोलली नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

सोमवारी सातपासनं श्रीपती काठावर उभा होता. होडी वर ओढून पालथी घातलेली. रेश्मा आली, पाठोपाठ येष्टी आली. डोहवाडीची पाच-सहा माणसं चढली. रेश्मानं घड्याळात पाहिलं. श्रीपती पाण्याकडं बघत राहिला. तिकडून कुणी येणार नव्हतं, तरी बघत राहिला.

आणि मागून, गावाच्या रस्त्यानं, ट्रॅक्टर आला. उसाची ट्रॉली, तीत ऊस नाही, माणसं. धुरळ्यानं भुवया पांढऱ्या झालेली, घोंगड्या गुंडाळलेली कोंढेगावची माणसं. पहाटे तीनला निघून टेंभुर्णीवरनं वळसा घालून आली होती, स्वतःच्या गावासमोरच्या काठावर येष्टी धरायला. पायल तोंडावरची ओढणी सोडत उतरली. तिनंच घरोघर फिरून सगळ्यांना तयार केलं होतं. श्रीपतीनं उपरण्यानं तोंड पुसल्यासारखं केलं.

रेश्मा ट्रॉलीच्या फळीशी उभी राहून एकेकाला मोजत गेली. त्रेचाळीस झाली. मग श्रीपतीकडं वळून तिनं विचारलं, "आबा, आज कुणाला घरी बसवलं?"

"कुणालाच न्हाय." त्यानं पालथ्या होडीवर हात ठेवला. "बाई, माझ्या बापाचं रान तुमी मोजून नेलं. ही माणसं तेवढी मोजून ठिवा."

रेश्मानं कागदावर त्रेचाळीस लिहिलं आणि खाली डोहवाडीच्या सहाजणांची बेरीज धरली. कंडक्टरनं घंटी मारली.