आंतरराष्ट्रीय दौरा, मुक्काम रबराचा मळा

माझा नवरा सिंगापुरात कित्येक वर्षं क्रिकेट खेळला, पण या बेटाबाहेर त्याला कुणी पाण्याच्या बाटल्या उचलायलासुद्धा बोलावलं नाही. मी सात-आठ महिने खेळले आणि आंतरराष्ट्रीय दौऱ्यावर जाऊन आले. हे वाक्य मी आमच्या घरात मोठ्याने म्हणत नाही. इथे म्हणते.

तेव्हा मी तांजोंग पगारला एका जहाज कंपनीत अकाउंटंट होते. नवरा बुओना व्हिस्टाला सॉफ्टवेअरमध्ये, आणि रविवारी कंपन्यांच्या लीगमध्ये, अगदी तळाच्या डिव्हिजनमध्ये. आम्ही बायका मैदानाच्या कडेच्या तंबूत बसायचो, डबे उघडायचो आणि ज्या सामन्यात कुणालाच रस नव्हता त्याला अधूनमधून टाळ्या वाजवायचो.

अशाच एका रविवारी नवऱ्याच्या बॉलिंगवर कुणीतरी सणसणीत सिक्सर मारली. चेंडू थेट आमच्या तंबूवर. माझ्या डाव्या हातात साबुदाणावड्यांची प्लेट होती. मी उजव्या हाताने झेल घेतला. वडे जागच्या जागी.

"अगं, बघत काय बसलीस, टाक इकडे!" नवरा ओरडला. आधीच त्याला मार पडत होता, त्यात हे. मी टाकला. चेंडू विकेटकीपरच्या ग्लोव्ह्जमध्ये गेला, आणि तो बिचारा हात झटकायला लागला.

यात कौतुकाचं काही नाही. पुण्यात आमच्या कॉलनीत मी दोन मोठ्या भावांबरोबर खेळायची. धाकटी असल्यामुळे माझी बॅटिंग यायच्या आत रोज अंधार पडायचा. सगळं बालपण फिल्डिंगमध्ये गेलं, मग ती सुधारणारच.

पण पलीकडच्या तंबूत समोरच्या संघाच्या कप्तानाची बायको बसली होती. श्रीलंकेची, पेशाने दातांची डॉक्टर, आवाज मात्र ट्रॅफिक पोलिसाचा. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "प्लेट खाली ठेव. शनिवारी प्रॅक्टिसला ये."

"मला जमणार नाही. मुलीचा स्विमिंगचा क्लास असतो."

"मुलीला पोहता येतं का?"

"येतं."

"मग तिला क्लास कशाला?"

मी शनिवारी गेले.

डॉक्टरीणबाई सिंगापुरात बायकांचा संघ उभा करत होती. सरकारदरबारी त्याची नोंद होती का, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची भीती वाटायची. आमच्यात दोन इंग्लिश शिक्षिका होत्या, एक ऑस्ट्रेलियन बाई होती जी प्रत्येकीला 'डार्लिंग' म्हणून मग शिव्या द्यायची, तीन-चार भारतीय होत्या, आणि खरोखरच्या सिंगापुरी फक्त दोघी. त्यातली एक चिनी मुलगी सॉफ्टबॉलमधून आलेली. चेंडू असा मारायची की शोधायला अर्धा संघ झुडपात जायचा. खोड एकच. चेंडू मारला की ती बॅट फेकून द्यायची आणि पळत सुटायची. सॉफ्टबॉलमध्ये तसंच करतात म्हणे. डॉक्टरीणबाईने समजावलं, ओरडून सांगितलं, एकदा बॅट तिच्या मनगटाला दोरीने बांधलीसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

मग मलेशियातून आमंत्रण आलं. एका रबराच्या मळ्यावरचा क्लब होता, तिथल्या मुलींचा संघ तयार झाला होता आणि त्यांना परदेशी पाहुणा संघ हवा होता. दोन सामने, तीन दिवस.

मी घरी सांगितलं. सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या आणि टीव्हीसमोर मेथी निवडत होत्या.

"सिंगापूरचा संघ म्हणून?" नवरा म्हणाला. "तू? तुझा पासपोर्ट भारताचा आहे."

"तुझाही आहे. तुला भारताने बोलावलंय का?"

त्याने फ्रीज उघडून पाहिला. मग म्हणाला, "आणि इथे जेवणाचं काय?"

सासूबाईंनी मेथीवरची नजर काढली नाही. "तू कर ना. तिची फिल्डिंग बघितली, आता तुझी बघू."

आठ वर्षांच्या मुलीने एवढंच म्हटलं, "ममी, फर्स्ट बॉलला आऊट होऊ नको लाह. सो मालू!" 'लाह' हे सिंगापुरी बोलण्यातलं शेपूट, आणि मालू म्हणजे लाज. हा शब्द ती शाळेतून शिकून आली होती आणि आमच्या दोघांच्या संदर्भात सारखा वापरायची.

शुक्रवारी पहाटे आम्ही भाड्याच्या बसने निघालो. खाडीवरच्या पुलापलीकडे मलेशियाच्या तपासणीला सगळ्यांना खाली उतरवलं. पाच देशांचे पासपोर्ट एका संघाकडे बघून तिथला अधिकारी आधीच बुचकळ्यात पडला होता. त्यात किटबॅग उघडायला सांगितली. बॅग माझ्या नवऱ्याची, उसनी आणलेली. डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एका तरुण कस्टम्सवालीने पॅड बाजूला सारले आणि आतून एक कडक प्लास्टिकची, वाटीसारखी वस्तू काढली. चेंडू नको तिथे लागू नये म्हणून पुरुष खेळाडू पँटच्या आत बसवतात, ती. बाईने ती उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच्या नाकातोंडाजवळ नेली.

"हा ऑक्सिजनचा मास्क आहे का?"

आम्ही सगळ्या जमिनीकडे बघत होतो. ऑस्ट्रेलियन बाई खांबामागे गेली आणि तिथून विचित्र आवाज यायला लागले. शेवटी डॉक्टरीणबाई पुढे झाली, त्या मुलीच्या कानात दोन वाक्यं बोलली. मुलीने वस्तू अशी टाकली जशी काही ती चावणार होती. मग तिने डोळे मिटून आमच्या सगळ्या बॅगांवर खडूने फुल्या मारल्या. आणखी काही उघडायला लागलं नाही.

मळ्यावर पोचलो तर क्लबच्या दारावर कापडी फलक: 'सिंगापूर आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट संघाचं हार्दिक स्वागत'. आम्ही बसमध्येच एकमेकींकडे पाहिलं. आमच्यापैकी एकीचा बूट टेपने चिकटवलेला होता.

"कुणीही तोंड उघडायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यांनी लिहिलंय ना, मग आपण आहोत."

समोरचा संघ म्हणजे मळ्यावरच्या शाळेतल्या मुली निघाल्या. दोन वेण्या, पांढरे कॅनव्हासचे बूट, वय पंधरा-सोळा. आम्ही त्यांना "किती गोड!" म्हणालो. ते आमचं शेवटचं प्रेमळ वाक्य. त्यातल्या सगळ्यात बारक्या मुलीने पहिलाच चेंडू असा टाकला की इंग्लिश शिक्षिका मागे वळून स्टंप कुठे गेले ते शोधत राहिली. जेवणाच्या सुट्टीच्या आत आम्ही सगळ्या बाद. मी अकराव्या क्रमांकावर गेले, पलीकडच्या टोकाला उभी राहिले, आणि माझी साथीदार पुढच्याच चेंडूवर गेली. त्या मुलींनी आमची धावसंख्या हसत-खिदळत पार केली आणि वर आम्हाला सरबत आणून दिलं. हरण्यापेक्षा ते सरबत जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांची पहिली फलंदाजी होती, आणि ऊन असं की वेण्यासुद्धा मलूल झाल्या. मी दोन झेल घेतले. ऑस्ट्रेलियन बाईने मला उचलून फिरवलं आणि चारचौघांत ऐकवता येणार नाही असं कौतुक केलं. लक्ष्य आमच्या आवाक्यातलं होतं. तरीही आम्ही आमच्या पद्धतीने कोसळत कोसळत शेवटच्या जोडीवर आलो. जिंकायला दोन धावा हव्या होत्या. फलंदाजीला सॉफ्टबॉलवाली. पलीकडे मी.

"तू फक्त पळ," डॉक्टरीणबाई सीमारेषेवरून गरजली. "बाकी काही करू नकोस!"

सॉफ्टबॉलवालीने चेंडू मिडविकेटला हाणला. बॅट फेकली. आणि सुटली.

पहिली धाव झाली. मी तिच्या टोकाला पोचले, बॅट टेकवली, वळले, आणि तिने फेकलेली बॅट माझ्या पायात आली. मी सपशेल आडवी. तोंडात मळ्याची लाल माती. तेवढ्यात शेजारून काहीतरी वादळासारखं गेलं. दुसऱ्या धावेसाठी परत येणारी सॉफ्टबॉलवाली पाय पुढे करून जमिनीवरून घसरत थेट क्रीजमध्ये घुसली. विकेटकीपरने बेल्स उडवल्या. सगळा मळा ओरडला.

"आऊट! तिची बॅट कुठे आहे?" त्यांच्या पीटीच्या बाई किंचाळल्या.

अंपायर म्हणजे त्यांच्याच शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी वाकून धुळीतले पाय पाहिले. "पाय आत आहेत," ते शांतपणे म्हणाले. "पाय चालतात."

आमच्या मुली नाचायला लागल्या. मीही तिथेच, गुडघ्यांवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. हे माझं चुकलंच, कारण दुसरी धाव अजून व्हायची होती आणि ती मी करायची होती. त्या बारक्या मुलीच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. ती दुसऱ्या टोकाला उभी राहून हाका मारत होती. कीपरने चेंडू तिकडे फेकला. मी रांगत निघाले. खरंच रांगत. अर्ध्या वाटेवर बेल्स उडाल्याचा आवाज आला.

सामना बरोबरीत.

बरोबरी झाल्यावर काय करायचं असतं, हे दोन्ही संघांना माहीत नव्हतं. मग हेडमास्तरच हसायला लागले, आणि पाच मिनिटांनी बघते तर त्यांच्या मुली रांग लावून सॉफ्टबॉलवालीकडून घसरायचं कसं ते शिकत होत्या. पांढरे कपडे मातीने लाल. पीटीच्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःही एकदा घसरून पाहिलं.

केळीच्या पानावर भात-सांबार वाढलेलं असताना मी क्लबच्या फोनवरून घरी बोलले.

"बरोबरी म्हणजे हरलात की जिंकलात?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही नाही."

"तुझे रन किती?"

"शून्य. पण मी एकही चेंडू खेळले नाही, लेकीला सांग, फर्स्ट बॉलला आऊट झाले नाही."

मागून सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "पडलीस ना? आवाजावरून कळतंय. हळद लाव. आणि ऐक, याने केलेली आमटी मी दोन दिवस खातेय. उद्या लवकर ये."

घरी आल्यावर गुडघा सुजला. सोमवारी खालच्या क्लिनिकमध्ये गेले. तरुण डॉक्टरने गुडघा दाबत विचारलं, कशाने झालं?

"क्रिकेट. मलेशियाविरुद्ध."

त्याने माझ्याकडे, माझ्या ऑफिसच्या कुर्त्याकडे आणि पिकायला लागलेल्या केसांकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरवर टाईप केलं, 'घरात पाय घसरून पडल्या'. मी वाद घातला नाही. दोन दिवसांची रजा मिळाली. त्यातला एक दिवस नवऱ्याने घरून काम केलं आणि न विचारता चहा करून आणला. कप टेबलावर ठेवून तो तिथेच घुटमळत राहिला.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ती सॉफ्टबॉलवाली घसरली ते नक्की कसं, ते जरा दाखव ना."