निवडीआधीचा सत्कार

पीएच.डी. झाल्यावर मी मुर्रीला, गावच्या घरी बसून पोस्टडॉकची जागा शोधत होतो. शोधणं म्हणजे देशभरातल्या प्राध्यापकांना ईमेल पाठवून, आपण त्यांचं संशोधन किती भारावून वाचतो ते कळवणं. बहुतेकांचं उत्तर येत नसे. जे येई त्यात निधी नसल्याचं दुःख आणि माझं काम उत्तम असल्याचा आनंद शेजारी शेजारी नांदत. काम धानावरच्या गादमाशीवर होतं. ते उत्तम आहे असं त्या माशीलाही कधी वाटलं नसेल.

धानाची शेती आणि गावातले झाडून सगळे सत्कार सांभाळणारे माझे काका रोज विचारत, "काऊन रे, डाक्टर झाला तरी अजून शिकूनच राहिला?"

"नोकरीच आहे काका. दोन वर्षांची."

"मंग?"

"मग दुसरी शोधायची."

"हे त बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरनं झालं गा."

जागा मिळाली नाही, तर काकांच्या मित्राच्या कोहमाऱ्याच्या कृषी केंद्रात त्याच माशीचं औषध विकायला बसायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणून एका विद्यापीठाने ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी हरखलो. काका तर थेट फ्लेक्सवाल्याकडे निघाले.

"अजून निवड नाही झाली," मी म्हणालो.

"बोलावलं म्हंजे पक्कं. पोरगी पाहाले कोनी उगाच बोलावते का? मधल्या मानसानं सारं आधीच जमवलं राह्यते. पोहे त देखाव्याचे."

चौकात फ्लेक्स लागला. शास्त्रज्ञपदी निवडीबद्दल अभिनंदन. त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे माझ्यापेक्षा मोठे होते. सत्कार मुलाखतीच्याच सकाळी, कारण प्रमुख पाहुण्यांना तेवढीच सकाळ मोकळी होती. पाहुणे गोंदियाहून रीतीप्रमाणे उशिरा आले. शाल, श्रीफळ आणि कपाळावर गंध अशा अवस्थेत मी मंचावरून घरी धावलो आणि लॅपटॉपपुढे बसलो.

पडद्यावर निवड समिती होती. अध्यक्षांनी सदस्यांचा गौरव केला, सदस्यांनी अध्यक्षांचा. मांडवातून निघालोच नाही असं वाटलं.

"आपकी शादी है क्या?" एका सदस्यानं शालीकडे पाहत विचारलं.

"नहीं सर, सत्कार है."

"किस बात का?"

तेवढ्यात बाहेरच्या भोंग्यातून पाहुण्यांनीच उत्तर दिलं. गावच्या सुपुत्राचं इतक्या मोठ्या विद्यापीठात चयन झाल्याचा त्यांना गर्व होता.

अध्यक्ष गंभीर झाले. "हमारे यहां अभी प्रक्रिया चल रही है."

मग माशीवर दोन प्रश्न झाले. आभार मानून झाल्यावर एक सदस्य माइक बंद करायला विसरले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बेचारा. लड़का तो अपनी ही लैब का ले रहे हैं ना?"

हे मी काकांना सांगितलं. लाजण्याऐवजी ते खुलले. "मी म्हनलो नोतो? ठरलं आधीच होतं. फक्त पोरगा दुसरा निंगाला."

फ्लेक्स वाया गेला नाही. तो आता कोहमाऱ्याच्या दुकानावर आहे. विद्यापीठाच्या नावावर काकांनी औषध कंपनीचा कागद चिकटवला. फोटो तोच चालतो.

परवा एक शेतकरी चंदेरी पोंग्यांची, म्हणजे माशीनं पोकळ केलेल्या धानाच्या फुटव्यांची जुडी घेऊन आला. मी त्याला माशी अंडी कुठे घालते, अळी आत कशी शिरते, हे सगळं सांगितलं. इतकं शांतपणे माझं कोणत्याच समितीनं ऐकलं नव्हतं.

"समजलं डाक्टर," तो म्हणाला. "आता बाटली कोनती, ते सांगा."