भिंतीनं पोट काढलं तो श्रावण

सातवीत असताना आमच्या बाईंनी निबंधाला विषय दिला, ‘आमची शाळा’. आम्ही सगळ्याच पोरींनी तो गाइडातून उतरवला. शाळा सुंदर आहे, पुढे बाग आहे, पिण्यास थंडगार पाणी आहे. बाईंनी सात-आठ वह्या वाचल्या आणि बाजूला सारून ठेवल्या.

“तुमच्यापैकी एकही मुलगी या शाळेत येत नाही असं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “आज सगळीकडे फिरा. जे आहे ते बघा आणि उद्या तेच लिहून आणा.”

आणीबाणी उठून गेल्यानंतरचे ते दिवस. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत महापालिकेची ती एकच शाळा होती. पाच खोल्या, वर मातीच्या कवेलूंचं छप्पर, मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण वही घेऊन निघालो. पाण्याच्या टाकीला झाकण नाही. पोरींच्या संडासाला दार नाही. तिसऱ्या खोलीचं म्याल, म्हणजे छताचा मुख्य लाकडी वासा, उधई लागून आतून पोखरलेलं. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग. यातलं नवीन काहीच नव्हतं, रोज पाहत होतो. पण लिहायला लागल्यावर मैत्रिणीचा हात थांबला. ती म्हणाली, “नको लिहू वं. मले भेव वाटून राहिलं.”

संध्याकाळी मी ते घरी मोठ्यानं वाचत होते. आई भाकऱ्या थापत होती. माझी आई रेजा होती, बांधकामावर डोक्यावरून माल वाहायची. अक्षर एक येत नव्हतं, पण शहरातल्या किती इमारती तिनं पायापासून वर जाताना पाहिल्या होत्या. भेगेचं वाक्य आल्यावर तिनं तव्यावरची भाकर तशीच राहू दिली.

“बोट जाते काय तिच्यात?”

“जाते.”

“दिवाळीले जात होतं?”

मला आठवेना. जेवताना ती सारखी माझ्याकडे पाहत होती.

बाईंनी सगळ्यांच्या वह्या वाचल्या आणि शनिवारी सकाळी आई-वडिलांना घेऊन या म्हणून सांगितलं. पंधरा-वीस माणसं आली, बहुतेक बायाच. आईनं फाटकातच चपला काढल्या, बुद्धविहारात जाताना काढायची तशा. हेडमास्तर दारात उभे होते. किडकिडीत माणूस, सदऱ्याची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली. “बघा, पण गलका करू नका,” एवढंच म्हणाले.

आई आमच्या खोलीत शिरली आणि भिंतीवर तळहातानं थापट्या मारत चालली. एका जागी आवाज बदलला. भरलेल्या माठाऐवजी रिकाम्या माठावर मारल्यासारखा. तिनं कान लावला, मग चार पावलं मागं सरून एका डोळ्यानं भिंत पाहिली.

“गुरुजी, भितीनं पोट काढलं आहे. अंदरची माती बसून गेली. ही भित फक्त चुन्यावर उभी आहे.”

हेडमास्तर म्हणाले, “वर कळवलेलं आहे.”

“काय म्हणून राहिले वरचे?”

त्यांनी खिडकीचं दार ओढून घेतलं.

मग बाया मागच्या अंगाला गेल्या. बिनदाराचा संडास पाहून आई माझ्याकडे वळली. “तू दिवसभर पाणी पेत नाही काय?”

“नाही.”

“काहून नाही सांगितलं वं?”

सगळ्याच पोरी पीत नव्हत्या, त्यात सांगण्यासारखं काय होतं? आईनं डोळ्याला पदर लावला नाही, रागावलीही नाही. तिचा चेहरा नुसता बंद झाला.

निघताना तिनं बाईंकडून वहीचा कागद मागितला आणि चपराशीणबाईकडून कणकेची खळ करवून घेतली. कागदाची बोटभर पट्टी तिनं भेगेवर आडवी डकवली. “हा कागद फाटला तर भित चालून राहिली समजा,” ती म्हणाली.

सोमवारी पट्टी शाबूत होती. मंगळवारीही. बुधवारी प्रार्थनेनंतर वर्गात शिरलो तर ती मधोमध फाटलेली. बाईंनी दुसरी लावली. ती दुसऱ्या दिवशी फाटली. तिसरी आम्ही मधल्या सुट्टीआधी लावली आणि शेवटच्या घंटेला तिचे दोन तुकडे झालेले होते.

त्यानंतर आमच्या वर्गात कुणी शिकलं असेल असं मला वाटत नाही. बाई गणित सांगायच्या आणि चाळीस पोरींचे कान मागच्या भिंतीकडे असायचे. वहीवर चुन्याची बारीक भुकटी पडायची. फुंकली की पुन्हा पडायची. कवेलूंखालच्या चिमण्या कधी निघून गेल्या ते कळलं नाही. एक दिवस लक्षात आलं की वर काहीच आवाज नाही. माझी मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, “भितीले आपण पाहून राहिलो ना, म्हणून ती चिडली.”

त्यापुढच्या रविवारी विहारात वस्तीची बैठक झाली. हेडमास्तर आपण होऊन आले. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही अर्ज द्याल, ते इमारत धोक्याची ठरवतील आणि कुलूप लावतील. नवी बांधून देणार नाहीत. तुमच्या पोरींना रुळापलीकडच्या शाळेत जावं लागेल. पाठवाल? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. माझ्या मैत्रिणीची आई जमिनीकडे पाहत होती. मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीला एकदा रुळाजवळ टपोरी पोरांनी अडवलं होतं, सगळ्या वस्तीला ते माहीत होतं.

मग माझी आई उठून उभी राहिली. “अन् नाही दिला तर, गुरुजी? मेलेल्या पोरी कोणत्या शाळेत जातीन?”

अर्ज बाईंनी लिहिला. बायांनी अंगठे दिले. मैत्रिणीच्या आईनं सगळ्यात शेवटी दिला.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत वर्ग व्हरांड्यात भरवायचं ठरलं होतं. पण पोळ्याआधी झड लागली. पाच दिवस आभाळ उघडलं नाही, व्हरांड्यात पाणी साचलं. हेडमास्तरांनी आम्हाला परत आत बसवलं, दोनच दिवस म्हणून. ते कळल्यावर दुसऱ्या दिवशी आई कामावरून तशीच आली, डोक्यावरची चुंबळही काढली नव्हती. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, “बाई, पोरी बाहेर काढा.” बाईंनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला रांगेनं बाहेर काढलं. कुणी कुणाला ढकललं नाही. चाळीस पोरी पावसात उभ्या राहून भिंतीकडे पाहत होत्या आणि भिंत होती तशीच होती. त्या वेळी मला आईची लाज वाटली.

मग पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबतीची सुट्टी. इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची ती मिरवणूक पाहायला अर्धी वस्ती गेली होती. मी घरीच होते, आई तांदूळ निवडत होती. दुपारी आवाज आला. फार मोठा नव्हता. ट्रकमधून गिट्टी खाली करतात तसा. आईनं सूप खाली ठेवलं.

“गेली,” ती म्हणाली आणि पळाली. मी तिच्यामागं.

मागची भिंत बाहेर न पडता आत पडली होती आणि तिच्यासोबत छत आलं होतं. आमचे बाक दिसतच नव्हते. चपराशीणबाई कपाळ बडवत ओरडत होती, “हेडमास्तरसाहेब अंदर आहेत! साहेब अंदर आहेत!”

माणसं धावली आणि वरून विटा उपसायला लागली. आई किंचाळली, “वरून नको गा! म्यालाले हात लावू नका, सारं खाली येईन! बाजूनं काढा!” बाप्ये एरवी रेजाचं ऐकत नसतात. त्या दिवशी ऐकलं. ती एकेक वीट दाखवत गेली, ही काढा, ही राहू द्या, आणि माणसं काढत गेली. तासाभरानं हेडमास्तर दिसले. लोखंडी कपाटाच्या आडोशानं वाचले होते, पण उजवा पाय म्यालाखाली होता. चेहरा चुन्यानं पांढरा. छातीशी एक फाइल.

ती फाइल बाईंनी नंतर आम्हाला दाखवली. तिच्यात हेडमास्तरांनी तीन वर्षांत वर पाठवलेल्या पत्रांच्या प्रती होत्या. भिंत, म्याल, टाकी, संडासाचं दार, सगळं त्यात होतं, आमच्या निबंधांपेक्षा नीट लिहिलेलं. आमच्या अर्जाला जोडायला म्हणून ते सुट्टीच्या दिवशी ती काढायला आले होते. कपाट त्याच खोलीत होतं. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “मंग त्या दिवशी बोलले काहून नाही?” त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

आठवडाभरात फाटकाला कुलूप लागलं. हेडमास्तर म्हणाले होते तसंच झालं. मी मॅट्रिक होईपर्यंत तरी तिथे वीट चढली नाही. आम्हा चाळीस जणींतून रुळापलीकडे पाच गेलो.

माझी मैत्रीण गेली नाही. आई तिच्या घरी तीनदा गेली. तिसऱ्या वेळी मी सोबत होते. आई म्हणाली, “माह्या पोरीसंग येईन नं ती. पाठवत काहून नाही वं?”

तिच्या आईनं कपडे धुणं थांबवलं नाही. “तुले भित दिसली,” ती म्हणाली, “मले रूळ दिसून राहिला.”

आई उठली. रस्त्यानं येताना माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती, आणि मी तो सोडवून घेतला नाही. तिथून पुढे वर्षभर ती मला रेल्वेच्या फाटकापलीकडे पोचवूनच कामावर जायची. मैत्रिणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. वरातीत ती माझ्याकडे पाहून हसली, बाकावर हसायची तशीच. मी मात्र तिच्या आईच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.